मांजर राहू द्या, मावशींनाही राहू द्या

प्रश्न : ताई, सासूबाईंना डिमेन्शिया आहे. दिरांनी अमेरिकेहून बॅटरीवर चालणारं मांजर पाठवलंय. हात फिरवला की ते गुरगुरतं. आई त्याला ‘मनी’ म्हणतात आणि मांडीवर घेऊन शांत बसतात. संध्याकाळची घालमेलही कमी झालीय. पण आपण त्यांना फसवतोय, असं मला सारखं वाटतं. त्यात दीर म्हणतात, आता आईंना सांभाळायला ठेवलेल्या दिवसभराच्या मावशी कशाला हव्यात?
– एक सून, ठाणे

उत्तर : तुमची झोप पहिल्या प्रश्नाने उडाली आहे, पण मला काळजी दुसऱ्याची वाटते.

फसवणुकीची तुमची शंका क्षुल्लक नाही. रॉबर्ट स्पॅरो या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाने २००२ मध्येच हा आक्षेप घेतला होता : यंत्रप्राण्यापासून मिळणारं सुख तो खरा असल्याच्या भ्रमावर उभं असतं, म्हणून ते देणं गैर. मला हे अर्धंच पटतं. हाताला लागणारा मऊपणा आणि ती थरथर आईंना खरोखरच सुखावते. आपण स्वतःहून भ्रम पेरायचा नाही, एवढं पथ्य पाळा. ‘मनीला भूक लागलीय’ असं तुम्ही म्हणू नका. आईंनी म्हटलं तर खोडूही नका. त्यांच्या माहेरच्या मांजरांबद्दल विचारा. ‘ही खरी आहे का गं?’ असं त्यांनी सरळ विचारलं, तर ‘खेळण्यातली आहे, पण गोड आहे ना?’ असं खरंच सांगा.

जपानमध्ये ताकानोरी शिबाता या संशोधकांनी पारो नावाचा असाच यंत्रप्राणी बनवला, पण तो सील या समुद्री प्राण्याच्या पिल्लासारखा आहे. कारण मांजर-कुत्रा म्हटलं की लोक खऱ्याशी तुलना करतात. सील कुणी पाळलेलं नसतं. आईंनी मांजरं पाहिलेली आहेत, त्यामुळे आज आवडलेली मनी एखाद्या दिवशी त्यांना विचित्र वाटेल, भीतीही वाटेल. म्हणून दर वेळी ‘घेता का?’ असं विचारूनच द्या. त्यांनी बाजूला सारली तर गुपचूप उचलून ठेवा. आणि पाहुण्यांसमोर गंमत म्हणून दाखवणं, व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकणं, हे कृपा करून नको. त्या कुणाच्या हसण्याचा विषय नाहीत.

आता मावशी. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमधल्या २८ वृद्धनिवासांत ४१५ जणांवर पारोचा मोठा अभ्यास झाला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. यंत्र बंद केलेल्या तशाच पारोपेक्षा चालू पारोशी लोक जास्त बोलले, त्याच्याकडे जास्त पाहत राहिले. पण पारो मिळायचा आठवड्यातून तीनदा, पंधरा-पंधरा मिनिटं. बाकीचा सगळा वेळ माणसंच सांभाळत होती. दिरांना हे जरूर सांगा. आईंना तहान लागली, लघवीला जायचं आहे, पाय दुखतो आहे, हे मनीला कळत नाही. मावशींना कळतं, कारण त्या आईंचा चेहरा वाचतात. शांत बसलेलं माणूस बरं आहे, असं धरून चालणं या आजारात फार महागात पडतं. वेदना सांगता येत नाही, म्हणूनही माणूस गप्प होतं.

दीर दूर आहेत, त्यांना काहीतरी करायचं आहे, म्हणून त्यांनी मनी पाठवली. त्यांच्या मनात वाईट नाही. त्यांना म्हणा, मावशींच्या पगारातला वाटा तुम्ही उचला आणि संध्याकाळी आई मनीला घेऊन बसतात तेव्हा व्हिडिओ कॉल करा. मावशींच्या भरवशावर तुम्हीही दुपारी दोन तास दार लावून झोपा. त्याची परवानगी कुणालाच विचारू नका.