'नागरिक पुन्हा नागरिक झाले': हे वाक्य का खटकतं?

प्रश्न असा आला आहे: 'यादवी युद्धात नागरिक सैनिक झाले आणि युद्ध संपल्यावर पुन्हा नागरिक झाले' हे अनुवादातलं वाक्य कानाला बरं लागत नाही. दुसरं काय लिहावं?

खरी अडचण 'नागरिक'ची आहे. बंदूक उचलली म्हणून नागरिकत्व जात नाही, मग ते परत कसलं मिळणार? इथे म्हणायचंय 'लष्करी नसलेला'. त्यासाठी आपल्याकडे जुना 'मुलकी' आहे: मुलकी कारभार, मुलकी अधिकारी. 'मुलकी माणसं' असं कोणी म्हणत नाही, पण 'मुलकी आयुष्य' छान बसतं. माणसांना 'सामान्य माणसं' पुरे.

'सैनिक'ही जपून वापरावा. सैनिक म्हटला की सरकार, पगार, गणवेश आलाच. सिएरा लिओनमधले (१९९१–२००२) कामाजोर मुळात पारंपरिक शिकारी. गावं राखायला उभे राहिले आणि सरकारच्या बाजूने लढले. त्यांना सैनिक म्हणणं अवघड आणि बंडखोर म्हणणं चूक. त्याच युद्धात बंडखोरांनी मुलं पळवून नेऊन त्यांच्या हाती शस्त्रं दिली. तिथे 'लढवय्या' नको, त्या शब्दात शाबासकी आहे. मी सरळ 'लढणारे' लिहीन आणि बाकीचं क्रियापदावर सोपवीन. 'तो लढायला गेला' आणि 'त्याला लढायला लावलं' यांतला फरक मराठीत आपोआप दिसतो.

नेपाळीत यासाठी 'लडाकु' रुळला. २००६च्या शांतता करारानंतर संयुक्त राष्ट्रांच्या पडताळणीत १९,६०२ माओवादी लडाकु ग्राह्य ठरले आणि ४,००८ जण बाद झाले. बाद झालेल्यांत २,९७३ जण युद्धविराम झाला तेव्हा अल्पवयीन होते, बाकीचे उशिरा भरती झालेले. या सगळ्यांना शिक्का बसला तो 'अयोग्य' असा. निकष वयाचा आणि तारखेचा, पण शब्द असा की जणू माणसातच खोट आहे! तो घेऊन गावी परतायचं. ग्राह्य ठरलेल्यांपैकीही सुमारे १,४०० जणच अखेर नेपाळी सैन्यात गेले. बहुतेकांनी रोख रक्कम घेऊन स्वेच्छानिवृत्ती पत्करली.

कोलंबियात तर शब्दावरून घासाघीस झाली. २०१६च्या सरकारबरोबरच्या शांतता करारात फार्क या बंडखोर संघटनेची शस्त्रं 'सोपवणं' नाही, 'सोडणं' आहे. सोपवतो तो हरलेला. म्हणून अशा ठिकाणी आपल्या बातम्यांतलं 'आत्मसमर्पण' सवयीने चिकटवू नये. 'शस्त्रं खाली ठेवली' म्हणावं.

परतण्यासाठी 'पुनर्वसन' चालतो, पण त्यात घर-जमीन देणारा कर्ता होतो आणि परतणारा नुसता लाभार्थी उरतो. 'पुनर्एकात्मीकरण' तर उच्चारतानाच दमछाक करतो. माझं मत 'रुळणे'ला. त्यात वेळ लागणं आहे, न जमण्याची शक्यताही आहे. गावाच्या बाजूने बोलायचं तर 'सामावून घेणे'.

आता 'यादवी'. शब्द मला फार आवडतो. महाभारतात प्रभासक्षेत्री आपसात लढताना यादवांनी उपटलेल्या एरका गवताची मुसळं झाली. साधं गवत हत्यार होतं, ही प्रतिमा इथे चपखल आहे. पण त्या कथेतून लढणारं जवळपास कोणीच घरी परतत नाही. लेख परतणाऱ्यांचा असेल तर 'गृहयुद्ध' बरं.

तेव्हा वाक्य असं करता येईल: 'गृहयुद्धात सामान्य माणसं लढू लागली, काही आपणहून, काही ओढून नेलेली. युद्ध सरल्यावर त्यांतली बरीच मुलकी आयुष्यात परतली. काही रुळली, काही नाही.'