मच्छर बॅट नवीन घेतलीये? मग एवढं बघ

अरे पहिली गोष्ट, ती बॅट क्रिकेटसारखी फिरवू नकोस, सगळे नवीन लोक हेच करतात, मग वाऱ्यानेच डास बाजूला सरकतो आणि बॅट कपाटावर आपटून जाळी वाकते. जाळी वाकली की थर एकमेकांना चिकटतात आणि बॅट गेलीच समज. बटण दाबून धर आणि हळूच डासाच्या वाटेत ने, तो आपसूक येतो. भिंतीवर बसला असेल तर बॅट जवळ धरून ठेव, उडाला की तड्!

संध्याकाळी दिवेलागणीला पडद्यामागे, सोफ्याखाली नि बाथरूमच्या कोपऱ्यात एक फेरी मार. आपल्याकडे गोदाकाठच्या बाजूला राहत असशील तर दोन मार.

आणि हे पाळच:
- हिट वगैरे स्प्रे मारल्यावर किंवा गॅसजवळ अजिबात नको, ठिणगी पडते.
- चार्जिंगला लावून वापरू नकोस, रात्रभर तर लावूच नकोस.
- बटण सोडल्यावरही जाळीत थोडा करंट राहतो, बोट लावू नकोस, पोरांपासून लांब ठेव.

बाकी डेंग्यूचा डास दिवसा चावतो बरं का, त्यामुळे आधी कूलरचं पाणी काढ, नुसत्या बॅटने भागणार नाही.