वाचक विचारतात : डायमंड खालीच बसून राहते, काय करू?

प्रश्न : नमस्कार दादा, मी दारव्हा तालुक्यातला, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. चुलतभावाच्या कॉम्प्युटरवर सिम्युलेटरमध्ये एअरबस ए320 उडवतो, मुंबई ते नागपूर. टेकऑफ होते, वर सगळं बरोबर चालते, पण आयएलएस लँडिंग, म्हणजे रनवेचे रेडिओ सिग्नल धरून उतरणं, काही जमून नाही राहिली. 10 मैलांवर मी 6000 फुटांवर असतो, एपीपीआर (अप्रोच) बटन दाबतो, लोकलायझर पकडते, विमान रनवेच्या रेषेत येते, पण ग्लाइडस्लोपचा (उतरायच्या वाटेचा) डायमंड, ती स्क्रीनच्या पट्टीवरची चौकोनी खूण, खालीच बसून राहते अन् विमान रनवेवरून सरळ निघून जाते. मंग नाक खाली दाबतो तर स्पीड 240 नॉटवर जाते अन् फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा) टाकले की वॉर्निंग वाजते. काहून होते असं? अन् दुसरं, आमच्याकडे लाईटचा भरोसा नाही, दीड तास उडवतो अन् नेमकं उतरताना लाईट जाते.

उत्तर : भाऊ, तू आकडे लिहून पाठवले हे लय चांगलं केलं, कारण सगळं दुखणं त्या 10 मैल अन् 6000 फुटांतच आहे. तुझा हात चुकत नाही, तू उंच राहून जातोस.

हिशोब करून बघ. ग्लाइडस्लोप म्हणजे 3 अंशांचा उतार, एका सागरी मैलाला साधारण 318 फूट, तोंडी हिशोबाला 300 धर. म्हणजे 10 मैलांवर तू जमिनीपासून 3000 फुटांच्या थोडं वर पाहिजे. आता नागपूरचा रनवेच समुद्रसपाटीपासून हजार फुटांहून जरा वर आहे, मुंबईसारखा समुद्राला लागून नाही, म्हणून अल्टिमीटरवर तेव्हा 4000 च्या थोडं वर दिसायला हवं. तू 6000 वर आहेस, दोन हजार फूट जास्त. डायमंड तुला तेच सांगून राहिलं की रस्ता खाली राहिला. डायमंड म्हणजे तू नाही, डायमंड म्हणजे रस्ता, एवढं डोक्यात बसलं की अर्धं काम झालं.

आयएलएस म्हणजे नेमकं काय तेही समजून घे, कारण नुसती बटनं पाठ करून हे जमत नाही. रनवेच्या दुसऱ्या टोकाला लोकलायझरचा अँटेना असतो, तो दोन सूर पाठवतो, तू रनवेकडे येताना तुझ्या डाव्या बाजूला 90 हर्ट्झचा सूर जोरात, उजव्या बाजूला 150 चा. दोन्ही सारखे आले की तू बरोबर मधात. तिफणीला जुंपलेले दोन बैल सारखे ओढत असले की तास सरळ जातो, एकानं जोर धरला की तिफण तिकडे कलते, तसंच हे. ग्लाइडस्लोपचंही तेच, फक्त उभं, वर 90 अन् खाली 150. त्यात एक भानगड आहे. खऱ्या ग्लाइडस्लोपच्या वर, जास्त चढ्या कोनात, खोटे सिग्नलही तयार होतात, म्हणून खरे पायलटसुद्धा होईल तोवर खालूनच पकडतात.

तूही खालूनच पकड. उमरेडच्या बाजूनं रनवे 32 ला येत असशील तर 15 मैलांच्या आधीच 4000 फुटांवर येऊन सपाट हो, 30 अंशांच्या आसपासच्या कोनातून रेषेकडे वळ, अन् तिथंच स्पीडही कमी करून घे. एवढं मोठं धूड एकाच वेळी खालीही आण अन् हळूही कर म्हटलं तर ऐकत नाही, म्हणून आधी हळू हो, मग उतर. 230 च्या आत आला की फ्लॅप 1, 200 च्या आत फ्लॅप 2, 185 च्या आत 3 अन् 177 च्या आत फुल, ही ए320 ची शेवटची मर्यादा आहे, नेहमी तिच्या दहा-पंधरा खालीच टाकत जा. अन् एमसीडीयूच्या (कॉकपिटमधल्या कीबोर्डवाल्या छोट्या स्क्रीनच्या) पर्फ पानावर जाऊन अप्रोच फेज चालू करायला विसरू नको, ती राहिली तर मॅनेज्ड स्पीडवर (वेग कॉम्प्युटरच ठरवतो तेव्हा) विमान पुन्हा वेग घेते अन् तुला वाटते ब्रेकच लागून नाही राहिला.

आता बघ काय होते. तू 4000 वर सपाट येत आहेस, डायमंड वर आहे, पट्टीच्या टोकाला. हळूहळू ते खाली सरकायला लागते. समोरच्या स्क्रीनच्या वरच्या ओळीत जी/एस (ग्लाइडस्लोप) निळं दिसते, म्हणजे वाट पाहून राहिलं. नवेक मैल उरले की डायमंड मधात येते, निळं हिरवं होते अन् नाक आपोआप खाली झुकते. तो क्षण मी शेकडो वेळा पाहिला, अजून मन भरलं नाही. मग जमिनीपासून दोनेक हजारांवर चाकं, फ्लॅप 3, फुल. ग्राउंडस्पीड (जमिनीच्या हिशोबानं विमानाचा वेग) 140 नॉट असेल तर उतरायचा दर मिनिटाला 700 फूट, वेगाला 5 नं गुणायचं, बस. जमिनीपासून 1000 फुटांवर चाकं, फ्लॅप, स्पीड सगळं जागेवर नसलं तर थ्रॉटल पूर्ण पुढं टोगावर (पूर्ण जोरावर) ढकल अन् परत फिरून ये, दामटून उतरवू नको. 200 फुटांवर रनवे दिसला नाही तरी तेच, साध्या कॅट वन आयएलएसची ती सीमा आहे. रनवे दिसला तर ऑटोपायलट काढ, 30 फुटांवर नाक जरासं उचल, रिटार्ड म्हणून आवाज आला की थ्रॉटल पूर्ण मागं.

क्यूएनएच, म्हणजे अल्टिमीटरला लावायचा हवेचा दाब, मात्र त्या दिवशीचाच लाव. एका हेक्टोपास्कलला साधारण 27-28 फुटांचा फरक पडतो, 1013 या ठरावीक दाबावर तसंच ठेवलं तर 4000 म्हणजे खरे 4000 राहत नाही.

लाईटचं म्हणशील तर मुंबईहून यायची गरजच काय? सिम्युलेटरच्या नकाशावर थेट रनवेच्या अलीकडं 10-15 मैलांवरून सुरू करता येते. दहा मिनिटांत एक लँडिंग, लाईट असेल त्या तासाभरात पाच-सहा होतात. मीही असंच शिकलो. वही ठेव, प्रत्येक वेळी 10 मैलांवर उंची अन् स्पीड किती होता तेवढंच लिही.

प्रश्न : ए320 मध्ये मला डायमंडच दिसत नाही, पट्टीच येत नाही. सिम्युलेटर खराब आहे का? (एक वाचक, आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : नाही ताई, खराब काही नाही. समोर एलएस लिहिलेलं छोटं बटन आहे ते दाबा, पट्ट्या येतील. पट्टी आली अन् डायमंड तरी नाही, तर एमसीडीयूमध्ये त्या रनवेचा आयएलएस अप्रोच निवडायचा राहिला असेल, तो टाकला की फ्रीक्वेन्सी विमान स्वतःच लावते. अन् तरीही नाही दिसलं तर अजून लांब असाल, 20 मैलांच्या आत आल्यावर पुन्हा बघा.