गाठ स्तनात, पण कॅन्सर ओव्हरीचा?

प्रश्न: डॉक्टर, माझ्या सासूबाईंचं 3 वर्षांपूर्वी ओव्हरीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, केमोही झाली. आता छातीत डाव्या बाजूला गाठ लागली, बायोप्सीत म्हणे ओव्हरीचाच कॅन्सर आहे. घरात सगळे म्हणतात ब्रेस्ट काढून टाका, पण डॉक्टर नको म्हणतात. असं का?

उत्तर: ताई, गाठ हाताला लागते ना, त्यामुळे ती काढली की सुटलो असं घरच्यांना वाटणं साहजिक आहे. पण ही गाठ तिथली नाही, ओव्हरीतल्या पेशी रक्तातून नाहीतर लिम्फच्या (शरीरात फिरणाऱ्या पातळ द्रवाच्या) वाटेने तिथे पोचल्यात, म्हणजे त्या आणखी कुठे कुठे असणार हे धरूनच चालावं लागतं, आणि ब्रेस्ट काढलं तरी त्या तशाच राहतात, वर जखम भरेपर्यंत केमो लांबते. तुमचे डॉक्टर बरोबर सांगतायत. गाठ फुटायला आली किंवा फार दुखायला लागली तर काढतात, पण ते त्रास कमी व्हावा म्हणून.

हे क्वचितच होतं. स्तनातल्या 100 कॅन्सरमध्ये बाहेरून आलेला जेमतेम एखाद-दुसरा. मेलानोमा (त्वचेचा एक कॅन्सर), लिम्फोमा (लिम्फच्या गाठींचा कॅन्सर), फुफ्फुस, ओव्हरी, जठर इथून येतो. मॅमोग्राफीत बरेचदा गोल, गुळगुळीत, अगदी साध्या गाठीसारखा दिसतो, आणि ओव्हरीचा असेल तर कधी कॅल्शियमचे बारीक ठिपकेही दिसतात, जे ब्रेस्टच्या स्वतःच्या कॅन्सरमध्येही असतात, त्यामुळे नुसत्या फोटोवर विसंबता येत नाही.

खरं कळतं ते बायोप्सीच्या तुकड्यावरच्या आयएचसी टेस्टमध्ये, म्हणजे पेशींमधली ठरावीक प्रथिनं रंगवून त्या मूळ कुठल्या ते ओळखायचं. रिपोर्ट काढून बघा, त्यात अशा प्रथिनांची नावं असतात, पॅक्स-8 आणि डब्ल्यूटी-1 पॉझिटिव्ह, गाटा-3 निगेटिव्ह असं असेल तर बोट ओव्हरीकडेच जातं. ईआर (इस्ट्रोजेन हार्मोनचा रिसेप्टर) पॉझिटिव्ह बघून मात्र गोंधळू नका, तो दोन्हीकडे येऊ शकतो. आणि एक विचाराच, पॅथॉलॉजिस्टना 3 वर्षांपूर्वीच्या ऑपरेशनचे ब्लॉक (मेणात जपून ठेवलेले गाठीचे तुकडे) दिले होते का? नसतील तर आधीच्या हॉस्पिटलमधून मागून आणा. जुनं नवं शेजारी ठेवून बघितलं की शंका उरत नाही, आणि हे इतकं महत्त्वाचं असून घाईत राहूनच जातं.

बीआरसीए या जनुकांची टेस्ट झालीय का तेही बघा. त्यात दोष निघाला तर ओव्हरीच्या कॅन्सरवर गोळ्यांचा एक वेगळा पर्याय मिळू शकतो, आणि तो दोष मुलांमध्ये उतरण्याची शक्यता निम्मी असते, म्हणजे मग तुमच्या मिस्टरांना आणि नणंदेलाही टेस्ट करून घ्यायला सांगावं लागेल.