वाचक विचारतात: शिडाच्या बोटीवर पेट्रोल ठेवायचं कुठं आणि भरायचं कसं?

प्रश्न: दादा नमस्कार. आम्ही नागपूरचे चार मित्र, चौघांनी मिळून एक जुनी २४ फुटी शिडाची बोट घेतली, ती अलिबागकडे असते, सुट्टी जमली की जातो. मागं ५ हॉर्सपॉवरचं पेट्रोलवालं आउटबोर्ड (बोटीच्या मागं बाहेरून लावायचं इंजिन) आहे, खाडीतून बाहेर पडायला नाहीतर वारा पडला की लागतं. पेट्रोलचा २० लिटरचा प्लास्टिक कॅन आम्ही केबिनमधे झोपायच्या फळीखाली ठेवतो, बाहेर ऊन लागतं म्हणून. एक मित्र म्हणते हे डेंजर आहे, दुसरा म्हणते झाकण घट्ट आहे ना मग काय होते. आणि इंजिनात टाकताना बोट हलून राहिली की अर्धं सांडते, त्याचं काय करावं? पुढच्या वेळी नागपूरहूनच कॅन भरून नेला तर चालेल का?
(एक वाचक, प्रतापनगर)

उत्तर: भाऊ, पहिला मित्र बरोबर आहे, कॅन केबिनमधून काढा, याच्यात वाद घालण्यासारखं काही नाही.

झाकण घट्ट असलं तरी उन्हानं कॅन फुगतो, कुठंतरी भपका निघतोच, आणि खरी भीती त्या वाफेचीच आहे. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून ठिणगीनं वाफ पेटू शकते तो) उणे ४० डिग्रीच्या आसपास, म्हणजे अगदी थंडीतही ते पेट घेण्याइतकी वाफ सोडत असतं, डिझेलचं तसं नसतं. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. घरात सांडलं तर दाराच्या फटीतून थोडीफार तरी बाहेर जाते, बोटीला खाली फटच नाही (असली तर बोट बुडेल), त्यामुळं परातीत पाणी साचावं तशी ती वाफ तळाशी साचून बसते. आता तळाशी काय असतं? बिल्ज पंप, म्हणजे तळात साचलेलं पाणी बाहेर फेकणारा पंप, आणि त्याचा आपोआप चालू होणारा स्विच! तुम्ही वर कॉकपिटमधे (मागच्या उघड्या बसायच्या जागेत) चहा पिताय, खाली थोडं पाणी साचलं, स्विच पडला, ठिणगी उडाली, झालं. हवेत साधारण दीड टक्का वाफ मिसळली की ती पेटू शकते, आणि एक लिटर पेट्रोल पूर्ण उडालं तर दीडशे लिटरच्या वर वाफ होते, तुमच्या बोटीची केबिन किती मोठी आहे ते बघून तुम्हीच हिशोब करा.

म्हणून कॅन बाहेर, मागच्या बाजूला, पट्ट्यानं आवळून, वरून पांढरं कापड टाकून. कॉकपिटच्या सीटखाली लॉकर आहे तिथं ठेवू असं वाटेल, पण आधी टॉर्च मारून बघा, जुन्या बोटींमधे हे लॉकर आतून थेट केबिनखाली उघडं असतं, मग काहीच फायदा नाही. केबिनपासून पूर्ण बंद आणि बुडाला बोटीबाहेर निघणारं भोक असलेलंच लॉकर चालतं, गॅसच्या सिलिंडरलाही हाच नियम.

मुळात २० लिटर कशाला पाहिजे राजे हो? ५ हॉर्सपॉवरचं इंजिन फुल थ्रॉटलवर तासाला दीड-दोन लिटर पितं, आणि बोट तर शिडाची आहे. पाच-पाच लिटरचे दोन डबे पुरे, उचलायलाही सोपे, सांडतही कमी. गळ्यापर्यंत भरू नका, पेट्रोल गरम झालं की फुगतं, २० लिटरला २० डिग्री चढली तर जवळजवळ ४०० मिली जागा जास्त लागते, ती नसेल तर झाकणातून बाहेर येणारच.

नागपूरहून न्यायचं म्हणता, तर नका नेऊ. समृद्धीचेच ७०१ किलोमीटर, मे महिन्यातली दुपार, बंद डिकी आणि आत पेट्रोल, मला तर लिहितानाच कसंतरी होऊन राहिलं. ट्रेननं तर विचारही करू नका, रेल्वे कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. तिकडच्याच पंपावर घ्या. कायदा पण माहीत असू द्या: १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणं विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल विनापरवाना ३० लिटरपर्यंतच ठेवता येतं, आणि ते सुद्धा घट्ट बुचाच्या धातूच्या डब्यात, एक डबा २५ लिटरपेक्षा मोठा नको. काचेची बाटली एक लिटरपर्यंत चालते असं त्यात आहे पण बोटीवर काच कोण नेईल. प्लास्टिकचं नावच नाही त्यात. हे सगळं बघणाऱ्या पेसो या सरकारी खात्याचं मुख्यालय आपल्याच नागपुरात सेमिनरी हिल्सवर आहे, समुद्र सातशे-आठशे किलोमीटर लांब असला म्हणून काय झालं.

आता भरणं. पंपावर डबा डिकीतून खाली जमिनीवर ठेवूनच भरायचा, डिकीतल्या गालिच्यावर ठेवून भरलं तर स्टॅटिक चार्ज जमिनीत उतरत नाही. नोझल डब्याच्या तोंडाला टेकलेलं राहू द्या, आणि धार बारीक.

बोटीवर हलत्या पाण्यात ओतायचंच नाही, निघायच्या आधी जेटीला बांधलेली असतानाच टाकी भरून घ्या. इंजिन बंद आणि थंड, स्टोव्ह बंद, सिगारेट नको, आणि केबिनचं दार-फळ्या लावून टाका म्हणजे भपका आत उतरणार नाही. वारा कुठून येतो ते बघा. नांगरावर बोट वाऱ्याकडे नाक करून उभी असते म्हणून मागं टाकताना वाफ बाहेरच जाते, जेटीवर मात्र वारा मागून असला तर सगळी वाफ सरळ केबिनकडे, अशावेळी जरा थांबा किंवा बोट फिरवून बांधा. नरसाळ्यानं ओतण्यापेक्षा तळाशी गोळीचा व्हॉल्व्ह असलेली हलवायची नळी घ्या, डबा वर, टाकी खाली, नळी चारदा हलवली की धार चालू. तोंडानं ओढायचं नाही, पेट्रोल फुप्फुसात गेलं तर जिवावर बेतते. कुणी गिळलंच तर उलटी काढू नका, सरळ दवाखान्यात न्या. इंजिनला बाहेरची टाकी जोडायची सोय असेल तर सगळ्यात बेस्ट, मग बोटीवर ओतायचा प्रश्नच नाही, फक्त टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू चालताना उघडा आणि ठेवताना बंद. पुसलेला फडका केबिनमधे टाकू नका, बाहेर वाळवा.

आणि केबिनमधे वास आलाच तर एकाही स्विचला हात लावायचा नाही, बंद करायला सुद्धा नाही. सगळे वर, झाकणं उघडी, वास पूर्ण जाईपर्यंत.

प्रश्न: पावसाळ्यात बोट चार महिने उभी असते. उरलेलं टू-स्ट्रोक मिक्स पेट्रोल पुढच्या सीझनला वापरायचं का कारमधे टाकायचं?
(त्यांचाच दुसरा मित्र)

उत्तर: दोन्ही नको. आताच्या पेट्रोलमधे २० टक्के इथेनॉल असतं, ते दमट हवेतलं पाणी ओढतं, पाणी जास्त झालं की इथेनॉलसकट खाली वेगळं बसतं आणि इंजिन नेमकं तेच आधी ओढतं. जुन्या आउटबोर्डच्या मॅन्युअलमधे बरेचदा १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहिलेलं असतं, तेवढं बघून घ्या, नळ्या पण मऊ पडल्या का चेक करा. मिक्समधे ऑइल असतं म्हणून कारमधे नको, आणि नालीत तर अजिबात नको, ओळखीच्या गॅरेजवाल्याला विचारा, तो जुनं ऑइल जिथं देतो तिथं देईल. पुढच्या वेळी पाच लिटरला १०० मिली ऑइल असं ५०:१ चं मिक्स लागेल तेवढंच बनवा, शेवटच्या फेरीत संपेल असं.