खानदेशच्या सुलतानांचा राजमुकुट होता का? राज्याभिषेकाची खूण काय असायची?

मुकुटाचं जाऊ द्या, इथली गंमत वेगळीच आहे. शिरपूर तालुक्यातलं थाळनेर ही खानदेशच्या सुलतानांची, म्हणजे फारुकी घराण्याची पहिली राजधानी. तापीकाठच्या त्यांच्या कबरी अजून बघता येतात. या घराण्याचा संस्थापक मलिक राजा दौलताबादच्या सूफी संत शेख झैनुद्दीन यांचा मुरीद, म्हणजे शिष्य. गुरूने त्याला खिरका, म्हणजे फकिरी अंगरखा दिला. इतिहासकार फिरिश्ता लिहितो की मलिक राजाने तो मोठ्या मुलाला, नासिर खानला दिला आणि पुढे दोनेकशे वर्षं तो गादीवर बसणाऱ्याकडे जात राहिला, शेवटच्या बहादूर खानापर्यंत. 1601 मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि राज्यच संपलं. सोन्याहिऱ्यांपेक्षा हा जुना अंगरखा मला भारी वाटतो. गादीमागे पिराचा आशीर्वाद आहे, हे लोकांना दाखवायला तो पुरेसा होता.

बाकी छत्र-चामर, मोर्चेल (मोरपिसांची चवरी) सगळीकडचेच. 1674 ला रायगडावर शिवरायांच्या राज्याभिषेकाला इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडनने सिंहासनाजवळ भाल्यांच्या टोकांवर काय पाहिलं? मोठ्या दातांची सोन्याची मत्स्यमुखं, घोड्यांच्या शेपट्या आणि समतोल सोन्याचा तराजू. तराजू न्यायाचा, हे त्याने स्वतःच नोंदवलंय. माशाचं चिन्ह मुघलांकडेही मोठ्या मानाचं, माही-मरातिब म्हणायचे.

इंग्लंडचा राज्याभिषेकाचा सेंट एडवर्ड मुकुट मात्र वाटतो तेवढा जुना नाही. राजेशाही गेल्यावर 1649 मध्ये जुना वितळवला, आताचा 1661 चा.