तिकीट न लावता हौशी नाटक केलं, तरी परवानगी लागते का?

संहितेच्या प्रती विकत घेतल्यात आणि प्रयोग फुकट आहे, तरी परवानगी लागेल का आणि ती मागायची कुणाकडे, असं तुम्ही विचारलंय.

लागेल असंच धरून चाला. पुस्तक घेतल्याने ते वाचता येतं, प्रयोगाचा हक्क मात्र लेखकाकडेच राहतो. ‘फुकट’चा मुद्दा देशागणिक बदलतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हौशी मंडळाने पैसे न देणाऱ्या प्रेक्षकांपुढे केलेल्या प्रयोगाला सूट आहे. अमेरिकेत ना-नफा प्रयोगांना जी सूट आहे, ती नाटकांना लागूच होत नाही. शिवाय देणगी-प्रवेशिका किंवा प्रायोजक आले की फुकट कशाला म्हणायचं यावरच वाद होतो. मी तरी त्या भरवशावर तालमी सुरू करणार नाही.

लेखक हयात असेल तर त्यांनाच विचारा, नसेल तर वारसांना. संपर्क बहुधा पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर किंवा प्रकाशकाकडे मिळतो, पण प्रयोगाचे हक्क प्रकाशकाकडे असतीलच असं नाही. इंग्रजी नाटकांसाठी कॉन्कर्ड थिएट्रिकल्स, म्युझिकलसाठी म्युझिक थिएटर इंटरनॅशनल अशा संस्था परवाने देतात.

खरी गोची अनुवादित नाटकात होते. नॉर्वेचे नाटककार इब्सेन १९०६ मध्ये गेले, त्यांचं मूळ नाटक कुणालाही करता येतं. पण तुमच्या हातातला अनुवाद अलीकडचा असेल, तर अनुवादकाची परवानगी हवीच. जर्मन नाटककार ब्रेख्त गेले १९५६ मध्ये. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, म्हणून इथे त्यांची मूळ नाटकं २०१७ पासून खुली आहेत. जिथे ही मुदत ७० वर्षं आहे तिथे २०२६ संपेपर्यंत थांबावं लागतं. मूळ नाटकही हक्कात असेल तर परवानग्या दोन घ्याव्या लागतात, अनुवादकाची आणि मूळ लेखकाची, आणि नेमकी दुसरीच विसरली जाते.

पत्रात तारखा, ठिकाण, प्रयोगांची संख्या, आसनसंख्या आणि प्रवेश कसा देणार ते लिहा. मानधन त्यावरच ठरतं. काटछाट करणार असाल, पुरुषपात्र बाईकडून करून घेणार असाल, तर तेही आधीच सांगा. १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये बायकांनी ‘वेटिंग फॉर गोदो’ केलं तेव्हा त्या नाटकाचे लेखक बेकेट कोर्टात गेले. ते हरले, पण मग त्यांनी त्या देशात आपल्या नाटकांच्या प्रयोगांवर बंदीच घातली. (लेखक रागावला की काय होतं ते बघा.)

प्रयोगाचं चित्रीकरण करून ते इंटरनेटवर टाकायचं असेल तर त्याची परवानगी वेगळी, आणि पार्श्वसंगीताला कुणाचं गाणं वापरणार असाल तर त्याचीही वेगळी.

फोनवर ‘करा की’ म्हणाले तरी तेवढं ईमेलवर लिहून घ्या. उत्तरच आलं नाही तर तो होकार समजू नका. एकदा आठवण करा, आणि तोवर मुदत संपलेलं एखादं नाटक वाचायला घ्या.